कौलांवरची लाल गोधडी

काल इथे फुलपाड्याच्या बाजारात सुकेळ्यांचं पुडकं हातात घेतलं, आणि उन्हात वाळलेल्या केळ्यांच्या त्या दाट, गोड वासाने मला थेट सांडोरच्या आमच्या वाडीत नेलं.

पदवी घेणारी मी घरातली पहिली. त्या वर्षी दिवाळीनंतर नाशिकला नोकरीवर जायचं होतं. त्याआधी एकदा तुंगारेश्वरचा डोंगर एकटीने चढायचा, असं मी ठरवलं.

"येकटी कशी ऱ्हाशील गं?" आईने विचारलं. तिची काळजी डोंगराची नव्हती, नाशिकची होती. मग सुकेळी बांधून देत म्हणाली, "मी कौलांवर लाल गोधडी टाकते. वरून दिसते का बघ."

माथ्यावर ऑक्टोबरच्या उन्हाने गवत पिवळं पडलं होतं. पश्चिमेला केळीच्या वाड्यांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे चमकणारा समुद्र. गोधडी शोधून शोधून डोळ्यांत पाणी आलं. शेवटी जरा खालच्या तळ्याकाठी आले, गार पाण्यात पाय सोडले आणि सावकाश सगळी सुकेळी खाल्ली.

संध्याकाळी आई दारातच उभी. "दिसली?"

"नाय गं. लय लांब आहे."

"मना तर तू दिसलीस," ती गोधडीची घडी घालत म्हणाली. "तल्यात पाय टाकून सुकेळी खात व्हतीस."

तेव्हा मी पोट धरून हसले होते.

काल मी दोन पुडकी घेतली. त्यातलं एक पुण्याला, मुलीच्या वसतिगृहावर पाठवायचं आहे. हल्ली मलाही ती इथून स्पष्ट दिसते.