इथून हलवू नका

ऑफिसात तिला सगळे ‘ताई’ म्हणत. त्यात आदर किती आणि वय दाखवून द्यायची हौस किती, याचा विचार तिने सोडून दिला होता. ती सत्तेचाळीस वर्षांची, आणि आजूबाजूला सगळी पंचविशीतली पोरं. एके काळी तिनेही प्रोग्रामिंग केलं होतं, चांगलं केलं होतं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि पुढची चौदा वर्षं औषधांच्या वेळा, ओल्या चादरी आणि दर दोन तासांनी कूस बदलणं यात गेली. सासूबाई गेल्या तेव्हा मुलगी कॉलेजात पोहोचली होती आणि ही कुठेच पोहोचली नव्हती. तिने बावीस ठिकाणी अर्ज केले. एका कंपनीने तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं.

“झेपत नसेल तर सोडून दे हं,” नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला. प्रेमाने म्हणाला, आणि त्या प्रेमाचाच तिला जास्त राग आला.

आजचा शुक्रवार त्या तीन महिन्यांचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता साहेब बोलावणार होते, ठेवायचं की नाही ते सांगायला. आणि गेले चार दिवस तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कंपनीचं काम वजनकाट्यांचं. काट्यावर आकडा थरथरतो, वर हातपाय झाडणारं तान्हं बाळ असेल तर विचारूच नका. त्या थरथरीतून खरं वजन काढणारा कोड ही कंपनी तयार करून विकत असे. गिऱ्हाइकाला तो कंपाइल केलेल्या, यंत्राच्या भाषेत उतरवलेल्या लायब्ररीच्या रूपात मिळायचा, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडला की झालं. सोबत हेडर नावाची एक फाइल जायची, लायब्ररीत काय काय मिळेल ते सांगणारी.

हा कोड लिहिणारे गृहस्थ वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. ऑफिसात त्यांचं नाव पसारेबुवा. टेबलावर तीन चष्मे, सहा कप आणि कधीच्या काळची वर्तमानपत्रं. कोडही तसाच. हेडरमध्ये नुसती नावं असावीत, तर बुवांनी तिथे सगळा दीड हजार ओळींचा ऐवज कोंबून ठेवला होता. वर टीप: ‘हा मजकूर इथून हलवू नका. कृपया.’ का हलवू नका, ते काही लिहिलं नव्हतं.

ताईला ते बघवेना. हेडरमध्ये नाव, काम दुसऱ्या फाइलमध्ये, असं ती शिकली होती, आणि चौदा वर्षं घरातली एक वस्तू जागची हलू न देणारी बाई ती. दुसऱ्या महिन्यात तिने दोन दिवस खपून सगळा मजकूर उचलला आणि वेगळ्या फाइलमध्ये नीट लावला. टीप पुसली. जेवताना म्हणाली, “बुवांनी स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीतच थाटलं होतं की!” पोरं हसली. त्यांच्याबरोबर ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. चाचण्या सगळ्या पास झाल्या आणि साहेब ‘छान’ म्हणाले. त्या एका ‘छान’वर तिने आठवडा काढला.

मंगळवारी सकाळी बाळांचे काटे बनवणाऱ्या गिऱ्हाइकाचा मेल आला. नवी लायब्ररी जोडताना लिंकर, म्हणजे तुकडे जोडणारा प्रोग्राम, अडतोय. हे नाव माहीत आहे, पण त्याचं काम कुठेच सापडत नाही, असं म्हणतोय. एकाच तऱ्हेचे तीन एरर होते.

तिने लायब्ररी पुन्हा बांधून पाठवली. तोच एरर. जोडण्याचा क्रम बदलायला सांगितला. तोच एरर. बुधवारी तिने लायब्ररी उघडून आतल्या नावांची यादी काढली, आणि ते नाव तिथे होतं! नावापुढच्या कंसात आकड्याचा प्रकार वेगळा होता, पण तो तिने पाहिला आणि सोडून दिला. तिला जे हवं होतं ते दिसलं होतं. तिने साहेबांना सांगितलं, आपल्याकडे सगळं ठीक आहे, त्यांच्याकडे जुनी फाइल असणार. साहेबांनी तिच्यावर विश्वास ठेवून गिऱ्हाइकाला तसं ठणकावून कळवलं.

गुरुवारी गिऱ्हाइकाने पडद्याची चित्रं पाठवली. फाइल मंगळवारी पाठवलेलीच होती.

त्या दुपारी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. तिला एररपेक्षा नवऱ्याचा चेहरा जास्त दिसत होता. तो ‘मी म्हणत होतो ना’ म्हणणार नव्हता. तो चहा करून देणार होता, आणि ते तिला सोसवणार नव्हतं.

शुक्रवारी बारा वाजता तिने लाज गुंडाळून ठेवली आणि रिसेप्शनवरच्या मुलीकडून बुवांचा नंबर घेतला.

“टीप होती ना वर?” सगळं ऐकून बुवा म्हणाले.

“होती.”

“वाचली नाहीत?”

“वाचली. पुसली.”

पलीकडे नातवंडाचा आरडाओरडा चालला होता, बुवांनी आधी त्याला गप्प केलं.

“अहो बाई, ती टेम्पलेटं आहेत. टेम्पलेट म्हणजे तयार काम नव्हे, साचा. आकडा कुठल्या प्रकारचा ते कळलं की कंपायलर त्या साच्यातून काम ओततो. पण साचा त्याच्या समोर पाहिजे. तुमच्या चाचण्या कुठल्या आकड्यांवर?”

“साध्या दशांश आकड्यांवर.”

“तोच प्रकार त्या फाइलमध्ये आतही वापरलाय, म्हणून तेवढा ओतला गेला. गिऱ्हाइकाने आपला स्वतःचा प्रकार बनवलाय. त्यांच्याकडे नुसतं नाव, साचा तुमच्या कपाटात. तुम्ही लायब्ररी बांधलीत तेव्हा तो प्रकार तुम्हाला ठाऊकही नव्हता. मग ओतणार कोण?”

कंसातला तो वेगळा प्रकार तिच्या डोळ्यांपुढे आला. बुधवारी तो समोरच होता.

“प्रकार आधी ठरलेले असते तर फाइलच्या शेवटी त्यांची यादी देऊन आपणच सगळे ओतून पाठवले असते. इथे ते चालायचं नाही. परत हेडरमध्ये टाका सगळं.”

“पण कारण का नाही लिहिलंत?” ती एकदम ओरडलीच. दोन पोरांनी माना वळवल्या. “दोन ओळी लिहिल्यात, तिसरी लिहायला काय झालं होतं?”

“मला माहीत होतं ना,” बुवा ओशाळून म्हणाले. “म्हणून नाही लिहिलं.”

तिने दीड हजार ओळी जिथल्या तिथे नेऊन ठेवल्या. चाचण्यांत मुद्दाम एक नवा प्रकार घातला. साडेतीनला फाइल गेली आणि चार वाजून दहा मिनिटांनी गिऱ्हाइकाचा मेल आला: जुळलं, काटा चालू झाला. मेल तिने तीनदा वाचला. जीव भांड्यात पडला आणि तिला उगीचच वाटायला लागलं की आता ठेवतील.

पाच वाजता साहेबांनी समोर बसवलं.

“तो मजकूर तुम्हीच हलवला होतात ना?”

“मीच.”

“काम झालं ते पाहिलं मी, ताई. पण दोन दिवस मी गिऱ्हाइकाला ‘चूक तुमचीच’ म्हणून सुनावत होतो. तुमच्या भरवशावर.” ते टेबलाकडे बघत बोलत होते. “आपण इथेच थांबू या.”

तिला काहीतरी बोलायचं होतं. चौदा वर्षांबद्दल, किंवा त्या ‘छान’बद्दल.

“मला दहा मिनिटं देता?” ती शेवटी म्हणाली. “एक टीप लिहायची राहिलीय.”

ती जागेवर येऊन बसली आणि हेडर उघडलं. ‘हा मजकूर इथून हलवू नका,’ तिने लिहिलं, आणि खाली कारण लिहायला घेतलं. साचा समोर का लागतो, आपल्या चाचण्या पास होऊनही गिऱ्हाइकाकडे का अडतं, नावापुढच्या कंसात काय बघायचं. डोळे भरून येत होते, अक्षरं पुसट होत होती, दोनदा खोडावं लागलं. अकरा ओळी झाल्या. आपल्या जागी जो कोणी येईल त्याला कळेल का, म्हणून तिने त्या पुन्हा एकदा वाचल्या आणि फाइल सेव्ह केली.

फोन मघापासून वाजत होता. नवऱ्याचा.

“काय गं, काय झालं?”

“झेपलं,” ती म्हणाली. “पण ठेवलं नाही.”