डिप्लोमावाल्याची शिकवणी

मी आयुष्यात कधी नापास झालो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तसा संशय येईल. पुण्याच्या पॉलिटेक्निकमधून मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तोही फर्स्ट क्लासमध्ये. डिग्रीला जाण्याइतके मार्क होते, पण पाठच्या दोन बहिणी होत्या आणि मला लवकर कमवायला लागणं भाग होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तरी डिप्लोमावाला आणि डिग्रीवाला यांच्यात आपली माणसं जो भेद करतात, तो ज्यानं सोसला त्यालाच कळतो.

अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आलो आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. दिवसभर बोर्डावर कागद ताणायचा आणि गिअर, ब्रॅकेट, शाफ्ट काढत राहायचं. आमच्या मराठी मंडळात तेव्हा पंचवीस-तीस घरं होती. एकजात सगळे इंजिनिअर, नाहीतर डॉक्टर. मंडळानं एक छोटी डिरेक्टरी छापायला घेतली, त्यात नाव, पत्ता आणि शिक्षण असे तीन रकाने होते. शिक्षणाच्या रकान्यात मी फक्त 'मेकॅनिकल' असं लिहिलं. खोटं लिहिलं नाही. पुढचं लोकांनी आपल्या मनानं भरून घेतलं आणि मी त्यांना भरू दिलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कंपनीत कॉम्प्युटर आले. सप्टेंबरमध्ये सुपरवायझरनं मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. तो मनानं चांगला होता, पण बोलायला तुटक. पुढच्या जूनमध्ये सगळे ड्रॉइंग बोर्ड निघणार, ड्राफ्टिंग सेक्शन बंद होणार, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "मला तू इंजिनिअर म्हणून हवा आहेस. पण वरचे लोक डिग्रीचा कागद मागतात. जूनच्या आत आणून दे."

संध्याकाळच्या कॉलेजात माझे सगळे टेक्निकल विषय झाले होते. सात वर्षं कामावरून सुटून तसाच वर्गात जाऊन बसत होतो. राहिले होते ते मला बिनकामाचे वाटणारे विषय: इंग्रजी, इतिहास आणि समाज, आणि साहित्य-कला. अठरा क्रेडिटं, म्हणजे सहा कोर्स. वर्षाला तीन टर्म असायच्या, ओव्हरटाइम सांभाळून टर्मला एक कोर्स जमायचा, म्हणजे दोन वर्षं तरी हवी होती. माझ्या हातात नऊ महिने होते. कॉलेजच्या सल्लागार बाईंसमोर मी हा हिशोब मांडला आणि चिडून म्हणालो, "गिअर काढणाऱ्या माणसाला चित्रकला कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मग वर्गात बसू नका. परीक्षा द्या."

तीन विषय, तीन परीक्षा, प्रत्येकी दीड तास, प्रत्येकी सहा क्रेडिटं. येतंय एवढं दाखवायचं, कुठे शिकलात हे कुणी विचारणार नाही. आपल्याकडे याला बाहेरून बसणं म्हणतात आणि ते सांगताना लोक आवाज खाली करतात. बाई मात्र सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगत होत्या. अट एकच होती. एखाद्या विषयात गेलात, तर सहा महिने त्या विषयाला पुन्हा बसता येणार नाही. निकाल यायला लागणारा वेळ धरला, तर जूनच्या आत मला प्रत्येक विषयात एकच संधी होती.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी सकाळी मी इंग्रजीच्या परीक्षेला गेलो. कॉरिडॉरमध्ये बाकावर कोण बसलं असावं? मंडळातल्या एका सर्जनची बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. गणपतीचा कार्यक्रम बसवायचा तो त्यांनीच, निवेदन करायचं ते त्यांनीच. त्या एम.ए. आहेत याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"तुम्ही इथे कसे?" त्यांनी विचारलं.

"सहज. कॅटलॉग पिक-अप करायला आलो होतो," मी म्हणालो. "आणि तुम्ही?"

"मी पण सहजच. एका मैत्रिणीला ड्रॉप केलं."

मग दोघंही कॅलेंडर बघितल्यासारखं भिंतीकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी दार उघडलं आणि आतल्या माणसानं यादीतली नावं वाचली. आधी त्यांचं, मग माझं. एकमेकांकडे न बघता आम्ही आत गेलो.

त्या परीक्षेत माझी जी फजिती झाली ती फक्त ड्राफ्ट्समनचीच होऊ शकते. उत्तराच्या कागदावर बारीक लंबगोल छापलेले होते आणि आपल्या उत्तराचा गोल पेन्सिलीनं काळा करायचा होता. माझं तर आयुष्यच पेन्सिलीत गेलेलं. घरून चार पेन्सिली सुईसारख्या टोकदार करून नेल्या होत्या. प्रत्येक गोल मी कडेपर्यंत भरला, रेघेच्या बाहेर कणभर जाऊ दिलं नाही, आतला रंग एकसारखा. असे सुबक गोल त्या कॉलेजात कुणी बघितले नसतील. वेळ संपली तेव्हा माझे शेवटचे वीस प्रश्न कोरे होते.

बाहेर येऊन मी पुन्हा त्याच बाकावर बसलो. वहिनींनी पेपर कसा गेला म्हणून विचारलं आणि लपवायची सगळी ताकद संपल्यामुळे मी खरं ते सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अहो, गोल भरायचे होते, रांगोळी नव्हती काढायची!"

कॉलेजच्या कँटीनमध्ये कॉफी घेताना सगळं बाहेर आलं. नागपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचं लग्न झालं होतं. "मी कधी कुणाला एम.ए. आहे म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "लोकांनीच ठरवून टाकलं. नंतर खरं सांगायची लाज वाटायला लागली." त्यांनाही त्या परीक्षा देऊन बी.ए. पुरं करायचं होतं. मी विचारलं, डॉक्टरांना माहीत आहे का? त्या म्हणाल्या, "लग्न त्यांच्याशीच झालंय ना!"

इंग्रजीत मी काठावर पास झालो. त्यानंतर आमचा करार ठरला. दर शनिवारी सकाळी पब्लिक लायब्ररीत भेटायचं. मी त्यांना गणित शिकवायचं, त्यांनी मला बाकीचं. मी मास्तर म्हणून वाईट होतो, लगेच आवाज चढायचा. त्या मात्र एखादी लढाई अशी सांगायच्या की पुढे काय झालं म्हणून मीच पान उलटायचो. इतिहासाची परीक्षा मी जानेवारीच्या सुरुवातीला दिली आणि आरामात पास झालो. गोल कसेही गिरमिटत गेलो. आता राहिला होता साहित्य-कलेचा पेपर, एप्रिलमध्ये. तिथे मात्र वहिनींशिवाय माझा निभाव लागणार नव्हता हे मला पक्कं माहीत होतं.

आणि नेमका तेव्हाच एका शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. बायकोनं उचलला. पलीकडे मंडळातल्या एक काकू होत्या. बराच वेळ बायको नुसती हं, हं करत राहिली. मग रिसीव्हरवर हात दाबून माझ्याकडे वळली. "काकू म्हणतायत, तुम्ही आणि वहिनी दर शनिवारी लायब्ररीत कोपऱ्यात बसलेले असता. लोक बोलायला लागलेत. काय सांगू?"

तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. मी झटकन मान हलवली, सांगू नकोस. माझी अक्कल तेवढीच. बायको तशीच माझ्याकडे बघत उभी राहिली आणि त्या दोन-तीन क्षणांत मला पुढचं सगळं दिसलं. गप्प राहिलो तर वहिनींचं येणं बंद. त्यांचं येणं बंद तर पेपर गेला. पेपर गेला तर जूनमध्ये बोर्डाबरोबर मीही कंपनीबाहेर. आणि एवढं सगळं घालवायचं कशासाठी? तर डिरेक्टरीतल्या एका शब्दासाठी. मला स्वतःचाच असा राग आला की काय सांगू. मी म्हणालो, "सांग. सगळं सांग."

बायकोनं हात काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काकू, शिकवणी आहे ती! ह्यांचा डिप्लोमा झालाय, डिग्री राहिलीय. नापास होऊ नयेत म्हणून मीच पाठवते त्यांना. वहिनींचं म्हणाल तर वहिनींनाच विचारा." आणि शांतपणे फोन ठेवून पोळ्या लाटायला गेली.

विचारायची वेळच आली नाही. पुढच्या आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटून झाल्यावर वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझं बी.ए. अर्धवट राहिलं होतं, ते मी आता पुरं करतेय. वर म्हणाल्या, "कुणाला चांगलं गणित येत असेल तर सांगा बाई, माझे मास्तर फार रागीट आहेत." बायकोनं घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. महिन्याभरात मला तीन फोन आले. तिघांचाही कुणीतरी एक 'मित्र' होता, त्याचाही डिप्लोमाच होता, आणि त्या परीक्षेची चौकशी कुठे करायची हे त्या मित्राला हवं होतं. मी तिघांनाही सल्लागार बाईंचा नंबर दिला. मित्राचं नाव विचारलं नाही.

आता आम्ही लायब्ररीत मधोमध बसायला लागलो. वहिनी चित्रांची जाडजूड पुस्तकं पुढ्यात टाकायच्या आणि मी कंटाळायचो, तोच एक दिवस मला दिसलं की एका चित्रातल्या फरशीच्या सगळ्या रेघा एकाच बिंदूत मिळतायत. आधीच्या पानावरच्या चित्रात त्या कुठेच मिळत नव्हत्या. "हे आधीचं, हे नंतरचं," मी म्हणालो. "ह्याला पर्स्पेक्टिव्ह येत नव्हतं." वहिनींनी पान झाकून दुसरं उघडलं, मग तिसरं, मग दहावं. मी बरोबर सांगत गेलो. बिनकामाचा म्हणून ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो विषय तेरा वर्षं माझ्या बोर्डावरच होता. मी चित्रांच्या प्रेमातच पडलो, हे कबूल करायला मला आता काही वाटत नाही.

एप्रिलमध्ये पेपर दिला. त्याच दिवशी वहिनींनी गणिताचा दिला आणि त्यात त्या पास झाल्याचं पत्र त्यांना मेच्या शेवटी आलं. माझं पत्र येईना. आमच्या सेक्शनमधले बोर्ड उचलायला माणसं आली होती. एका दुपारी मी सुटी टाकली आणि सरळ कॉलेजच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी फाइल काढली, एका कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, निकाल आलाय, पास, क्रेडिटं पूर्ण. मी त्यांना पुन्हा मोजायला लावली. त्यांनी न चिडता पुन्हा मोजली. पूर्ण होती.

कॉरिडॉरमधल्या फोनवरून मी घरी फोन लावला आणि म्हणालो, "पास झालो." बायको म्हणाली, "परत म्हणा." मी परत म्हणालो. "अजून एकदा," ती म्हणाली. तेव्हा मात्र मी इतक्या जोरात ओरडलो की खिडकीतल्या बाईंनी घाबरून डोकं बाहेर काढलं. मी रिसीव्हर हातात धरून त्यांनाही सांगितलं, अगदी मराठीतच, "अहो बाई, मी इंजिनिअर झालो!"