डाव्या हाताची नाडी

भूतखेत मानाले डोकं लागते, आन् डोकं वाटप चालू होतं तेव्हा मी चहा आनाले गेलो होतो... म्हनून अशा गोष्टीवर माझा भरोसा कधीच नव्हता. चौथी नापास मानूस मी. मी बोलून राह्यलो, पुतनी टाईप करून राह्यली.

चंद्रपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिपाई. बी.एस्सी.च्या पोरींच्या प्रॅक्टिकलले पेशंट कमी पडला का मलेच खाटेवर झोपवत. नुसतं पडून राहाचं — साऱ्या जिंदगीत मले जमलेलं एकच काम!

तीन साल झाले. फायनलची परीक्षा, सकाळचे अकरा, खाट नंबर तीन. समोर वनिता, पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातली. तिचा शेवटचा चान्स. बापानं सांगून ठेवलं होतं, यंदा नापास झाली तं शिक्षण बंद. हे मले माहीत होतं.

आन् मी त्याच हप्त्यात जत्रेत एक ट्रिक शिकून आलो होतो. काखेत रबरी चेंडू दाबला का मनगटाची नाडी बंद, सोडला का चालू. बाजूच्या पोरी पाहून राह्यल्या होत्या... दाबला मी.

"मॅडम, पेशंटच्या डाव्या हाताची नाडी लागत नाई."

परीक्षक मॅडम बाहेरगावच्या. त्यांनी हात धरला, मी चेंडू सोडला.

"इतकी स्पष्ट नाडी तुला सापडत नाही? जिवंत माणूस आहे हा!"

मी जीभ बाहेर काढून मेल्यावानी केलं. सारा हॉल हासला. वनिताच्या हातातून थर्मामीटर पडला, पुढचं सारंच चुकलं. नापास.

संध्याकाळी बॅग घेऊन माझ्याजवळ आली. "भाऊ, खरं सांगा. नाडी बंद होती ना?"

नोकरी जाईन म्हनून मी म्हनलो, "अवो बाई, माझी नाडी तं घोड्यावानी पळते!"

महिन्याभरानं नवीन बॅचची पोरगी माझा हात धरून बसली. "भाऊ, मस्करी नका करू, नाडी लागत नाई."

"काखेत घामाशिवाय काईच नाई, बाई!"

खरंच नव्हतं. डॉक्टरनं पाह्यलं, नागपूरले तपासण्या झाल्या. हात गरम, नसा मोकळ्या, रक्त वाहून राह्यलं. फक्त डाव्या हातात नाडी लागत नाई. कोनाच्याच बोटाले.

भेव वाटला तसा प्राचार्य मॅडमले सारं खरं सांगतलं. मॅडम पोट धरून हासल्या. "काय नाटकं करता हो तुम्ही!"

मग बस धरली आन् वनिताच्या गावी गेलो. अंगनात मोहफुलं वाळत घालून राह्यली होती. मी चेंडूचं सांगतलं. तिनं हात पुसले, माझ्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली आन् घरातल्या घड्याळीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजलं.

"चौऱ्याहत्तर. बरोबर चालू आहे."

मी तिथंच माझं बोट ठेवलं. काईच नाई!

"वनिताबाई, चला कॉलेजात! तुमालेच लागते, साऱ्यांसमोर मोजून दाखवा..."

तिनं हात सोडला. "नापासाचं मोजलेलं कोन मानते, भाऊ?" आन् मोहफुलं पसरवाले बसली.

डॉक्टर अजूनबी म्हनते नाडी नाई, वनिता म्हनते चौऱ्याहत्तर. हे काय हाये, मले आजबी समजलं नाई. मी अजून त्याच कॉलेजात पेशंट होऊन झोपतो. पोरींले सांगून ठेवलं हाये — उजवा हात धरा, पास व्हान.