आवाजाचं भाडं

आमच्या ताईच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत तिची उमर गेली. प्रवाशाने एक विचारावं, हिने चार सांगावं: गाडी कधी, फलाट कुठला, आणि एवढ्या उन्हात पोराच्या डोक्यावर टोपी का नाही. अशा बाईच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. "चला, आता तरी भाऊजींना बोलायला मिळेल," मी म्हटलं, आणि मोरीत जाऊन रडले.

ऑपरेशनआधी ताईने आठवडाभर दार लावून वाक्यं वाचून रेकॉर्ड केली. ती घेऊन एका कंपनीने तिचा आवाज बनवून दिला. आता ती टॅबवर लिहिते आणि टॅब तिच्या आवाजात बोलतो. कामावरही रुजू झाली. पण हा आवाज दोन तऱ्हांनी मिळत होता: दरमहा पैसे भरा, नाहीतर एकरकमी कायमचा घ्या. कायमच्याला तीन वर्षांच्या भाड्याएवढी रक्कम. ताईने दरमहा घेतला. मी भडकले. स्वतःच्या आवाजाला कुणी भाडं भरतं का? बरं, पैसे नव्हते असंही नाही. मी विचारलं की ती लिहायची, "बघू."

मग एकदा तिच्या बँकेच्या कार्डाची मुदत संपली, भाडं गेलं नाही आणि भर गर्दीत आवाज बंद पडला. टॅबमधून भलतीच कुणी बाई बोलायला लागली, पाठ केल्यासारखी. रोजच्या एका मास्तरांनी वाकून विचारलं, "आधीच्या बाई गेल्या का?" मला ताईचा निरोप आला: ये. मी पोचले तर टॅब रुमालाखाली झाकून बसलेली.

कार्ड नवीन झालं, आवाज परतला. पण पुढच्याच आठवड्यात कंपनीने कळवलं, या महिन्यानंतर कायमचा आवाज विकणार नाही, फक्त दरमहा.

"आजच घेऊन टाक," मी म्हटलं. "उद्या यांनी भाडं दुप्पट केलं तर काय करशील? ज्याच्या हाती ससा तो पारधी."

तिने टॅबचा आवाज बंद केला, लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "तीन वर्षांत गाठ परत येऊ शकते, म्हणालेत डॉक्टर. त्याआधीच गेले तर पैसे पाण्यात."

मी मेली तिला चिक्कू समजत होते. खुर्ची ओढून तिच्या शेजारी नुसती बसले.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी, भाऊजी आणि मी समोर असताना, तिने कायमचा आवाज घेतला. पैसे गेल्याचा संदेश आला. ताई बराच वेळ तो बघत राहिली. मग काहीतरी लिहिलं, आणि या वेळी आवाज चालू ठेवला.

"वसूल होतील ना गं?"

आवाज ऑपरेशनआधीचा, ठणठणीत. टॅब मात्र तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

"होतील की," मी म्हटलं. कापला तो माझा आवाज.