पहिल्या गोळीबारापाशी

तेहरानमध्ये व्हिडिओवर बंदी होती, म्हणून नसरुल्ला सुटकेसमध्ये शर्टांखाली कॅसेटी लपवून घरोघरी फिरायचा. गल्लीत त्याला ‘फिल्मी’ म्हणत. मला तो पक्का खबऱ्या वाटायचा. सिनेमा सुचवायच्या निमित्ताने नको त्या चौकशा!

“घरी कोण कोण असतं, फरंगीस खानम?”

“आई आणि मी. तुम्हाला काय करायचंय?”

इराकशी चाललेल्या युद्धाच्या आघाडीवरून पळून आलेला माझा भाऊ कयूमर्स तेव्हा माळ्यावर लपलेला होता.

नसरुल्ला आईसाठी रडका सिनेमा काढायचा, माझ्यासाठी प्रेमाचा. लढाईचा मी मागून घ्यायची, कयूमर्ससाठी.

एकदा परत केलेल्या कॅसेटी तो बराच वेळ न्याहाळत बसला.

“लढाईचा सिनेमा तुमच्याकडून नेहमी पहिल्या गोळीबारापाशी थांबलेला येतो, खानम.”

“टेपच भिकार देता तुम्ही!” मी खेकसले.

त्याने छताकडे पाहिलं आणि एक विनोदी सिनेमा माझ्यापुढे सरकवला. “यात फटाकासुद्धा वाजत नाही. वर द्या.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही,” तो सुटकेस मिटत म्हणाला. “माझा मुलगाही तिथेच बंद करतो.”