मनगटातला काटा

आमचे चंदनसारचे मेस्त्री मोटरसायकलचा नट आवळताना डोळे मिटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलोच. चाक माझ्या गाडीचं होतं. "किती पिळायचा ते मनगट सांगते, सायब," ते म्हणाले. माणूस अर्नाळ्याचा. घरचे सगळे समुद्रावर, ह्यांनी मात्र पाना धरला. कळंबपासून चांदीपपर्यंतच्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या.

मी पडलो ऑफिसातला, छापील आकड्यांवर विश्वास ठेवणारा. नट किती जोराने आवळला हे दाखवणारा टॉर्क पाना घ्यायचं माझ्या डोक्यात भरलं. ठरलेल्या जोरावर 'टक्क' वाजणारा महागडा पाना दुकानात गुपचूप परत ठेवला आणि परवडणारा, साध्या काट्याचा घेऊन आलो. मेस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला. "भाजी तोलायची हाय काय?" मग डोळे मिटून एक नट आवळला. "लावा तुमचा काटा." काटा बरोबर गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. तेव्हापासून दर सर्व्हिसिंगला हा आमचा खेळच झाला, आणि दर वेळी मीच हरायचो.

एकदा काटा निम्म्यावरही गेला नाही, नट आधीच फिरला. "स्वस्तातला पाना, बिघडला मेला," मी म्हणालो.

मेस्त्री हसले नाहीत. शेजारच्या वाण्याकडून पाच किलोचं वजन आणून त्यांनी पान्याच्या मुठीला टांगलं. काटा यायला हवा तिथेच आला; पाना ठीक होता. मेस्त्रींनी स्वतःच्या उजव्या हाताची बोटं उघडझाप करून पाहिली. "महिना झाला, बोटं मेल्यागत हायेत. मी कोनाला बोललो नाय."

महिन्यापूर्वी पंक्चर काढून हेच चाक त्यांनीच बसवलं होतं, आणि माझी लेक रोज टाकीवर बसून शाळेत जात होती. राग आला, खोटं कशाला बोलू. पण ते टपरीची फळी लावत होते. "चला. महिन्याभरात केलेल्या सगळ्या गाड्या बघायच्या."

आधी माझा नट काटा बघून आवळला, मग तीन दिवस ते माझ्या मागे बसून दारोदार फिरले. प्रत्येक दारात तेच वाक्य: "माझ्या हातानं चूक झाली, नट ढिला ऱ्हायला." मला ऐकवत नव्हतं. मी असतो तर दोष पान्यावरच ढकलला असता.

शेवटची गाडी कळंबच्या एका मासेवालीच्या मुलाची. "नीट तर चालते, मेस्त्री," तो म्हणत होता. मी चाकाच्या नटाला नुसती बोटं लावली आणि तो फिरला. पाना न लावता.

मेस्त्रींनी पाना माझ्या हातात दिला. "तुम्ही आवळा."

मी काट्याकडे बघत आवळला. ते शेजारी उभे होते, डोळे उघडे ठेवून. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच गाडीला हात लावला नाही.