ओढनारी फळी माही, उडला मामेभाऊ

हातातलं काम सोडून हे टाइप करून राह्यलो, कारन आत्ता नाई सांगितलं तं मले जेवन जानार नाई. मामीनं आज पुन्हा तेच स्टेटस ठेवलं. "माहं पाखरू!" अन् खाली माहा मामेभाऊ, पान्याच्या हातभर वर, अधांतरी, हात पसरून. पाखरू म्हने! त्या पाखराले ओढून कोन राह्यलं होतं, हे इचारलं कोनी?

सुरुवातीपासून सांगतो. मामेभाऊ चेन्नईले नोकरीले असते. औंदा पोळ्याच्या आधी महिनाभर सुट्टीवर आला, तं फॉइलची जुनी फळी घेऊन आला. सर्फिंगची फळी, पन तिच्या खाली कंबरभर दांडी अन् दांडीच्या टोकाले विमानासारखे पंख. जोरात ओढलं का पंख सगळ्या फळीले पान्याबाहेर उचलते. समुद्रावर हे काम लाट करते.

मी म्हटलं, "अन् वर्ध्यात लाट कोठून आनतं बे?"

"तूच बनव ना काही. मोटरा तं रोजच खोलत बसते तू."

झालं. मी भिडलो. गावात एकाचा फवारनीचा ड्रोन लिंबाच्या झाडात घुसून मोडला होता, त्यानं तो मले देऊन टाकला. त्याची मोटर, त्याच्याच बॅटऱ्या. पान्यातला पंखा कॉलेजच्या थ्री-डी प्रिंटरवर काढला. लग्नाच्या मंडपातलं थर्माकोल कापून त्याच्यावर फायबर चढवलं, अन् छोटी फळी तयार. बॅटरीसाठी आईचा पापडाचा डब्बा घेतला, आरपार दिसनारा, झाकनाले रबर असलेला. फळी समोर पळन, तिच्या मागं दोर, दोर धरून फॉइलवाला, अन् रिमोट त्याच्या हातात. अशी भानगड.

पहिली टेस्ट आमच्या शेततळ्यात घेतली. रिमोट दाबला तसा पंख्यानं तळ्याच्या बुडाची प्लास्टिकची पन्नीच ओढून घेतली. टर्रर्र! पानी बुडबुड करत मातीत.

आई शेताच्या धुऱ्यावरूनच वरडली, "आता कपाशीले पानी तुह्या त्या मोटरनंच देजो!"

पन्नीले ठिगळ लावलं, पंख्याभोवती जाळी बसवली, अन् लाइफ जॅकेट घालून आम्ही आर्वीच्या पल्याड धरनावर गेलो.

"पहिले तूच चढ," मामेभाऊ म्हने. "मशीन तुही हाय."

चढलो. पडलो. पुन्हा चढलो, पुन्हा पडलो. नाकातोंडात पानी, डोये लाल. शेवटी त्याले म्हटलं, घे तूच.

अन् तो दोनदा पडला अन् तिसऱ्यांदा उठला ना राजेहो! फळीचा खळखळ आवाज एकदम बंद. फळी वर, मानूस वर, खाली फक्त ती बारीक दांडी पानी कापत चाललेली. मी काठावर उभा, हातात फोन. मले वाटलं होतं मी नाचन. पन मी जळून राह्यलो. माही मोटर, माहा डब्बा, माह्या हाताले झालेली फायबरची खाज, अन् उडून तो राह्यला!

व्हिडिओ मीच काढला. दोर येवढा लांब का फ्रेमात एक तं तो मावे, नाई तं माही फळी. मी त्याले घेतलं. काऊन घेतलं? उडत तं तोच होता ना.

तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला अन् मंग काय, फुलं, टाळ्या, फटाके. एक काका म्हने, "हे हवेवर चालते का?" मी येवढं मोठं लिहून टाकलं, मोटर कशी, बॅटरी कशी. त्याले एक अंगठा आला. तोही मामेभावाचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळते आमच्याकडं, हळद-तूप लावून. आईनं बैलाचं झाल्यावर अंगनात वाळत ठेवलेली माही फळी पाह्यली, अन् उरलेलं हळद-तूप जिथं दोर बांधतो त्या कड्याले लावलं. "हेही ओढतेच ना," म्हने.

मामेभाऊ हासला, "अन् मले, आत्या?"

"तू तं बैलगाडीत बसनारा पाव्हना."

मले असं बरं वाटलं म्हून सांगू! पन दुसऱ्या दिवशी पहिली पुरनपोळी आईनं त्याच्याच ताटात वाढली.

पाडव्याले, म्हंजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी त्याची गाडी. फॉइल त्याची, म्हंजे तीही जानार. मी अजून एकदाही उठलो नोतो. सकाळी धरनावर पुन्हा पडलो, तं तो म्हने, "सांगू, तू काऊन पडते? तू समोर पाह्यतच नाई. डब्ब्यात पानी गेलं का, हेच पाहून राह्यते."

लय राग आला. खरं होतं म्हून आला.

मंग त्यानं ट्रॅक्टरची ट्यूब घेतली अन् पान्यात जाऊन बसला. "डब्बा मी पाह्यतो. तू त्या बाभळीकडं पाह्य."

मी बाभळीकडं पाह्यलं. डोयाच्या कोपऱ्यातून माही फळी त्याच्या बाजूनं निंगाली, अन् त्याची बोंब आली, "कोरडा हाय! कोरडा हाय बे!" अन् खळखळ बंद झाली. खरंच बंद झाली. बाभूळ खाली गेली असं वाटलं, पन मीच वर गेलतो!

मंग आनंदात रिमोटवरचं बोट सुटलं अन् धपकन पान्यात. वर आलो तसा पहिले काय इचारलं असन मी?

"व्हिडिओ काढला का?"

"ट्यूब कोन धरन मंग? तुहा बाप?"

संध्याकाळी त्याची बॅग बांधून दिली. फॉइल त्यानं आमच्याच पडवीत ठेवली. "राहू दे अथीच. तिकडं मले ओढाले कोन हाय?"

हे आयकून माही सगळी जळजळ गेली. खरंच गेलती. मंग आज मामीचं स्टेटस पाह्यलं. तेच पाखरू, तोच दोर, अन् दोराचं टोक फ्रेमाबाहेर.

तुमच्यासंगही झालं का असं? ज्यानं आपल्याले उठवलं, त्याच्याच फोटोवर जीव जळला का कधी? सांगजा बरं, का मी एकटाच असा हाय?